बॅटरीसह चालू स्थितीत

१

चोरीला गेलेली गाडी सापडली की माणूस पेढे वाटतो, अशी माझी समजूत होती. जयश्री मात्र माझ्या टेबलापाशी आली ती डोळे पुसतच.

"काका, अर्ज लिहा. माझी गाडी सापडली."

जव्हारच्या तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या छपराखाली मी चोवीस वर्षं अर्ज लिहितो. दामोदर अर्जवाले म्हणून विचारलं तर कोणीही टेबल दाखवील. रेशनकार्डातून नाव गळाल्याचे, शेजाऱ्यानं बांध सरकवल्याचे, इतकंच काय, अर्जदार जिवंत असल्याचेही अर्ज मी लिहिले आहेत. गाडी सापडली म्हणून रडणारं गिऱ्हाईक मात्र पहिलंच.

जयश्री ही सूर्यमाळच्या एका पाड्यावरची आशाताई. आजूबाजूचे पाच पाडे तिच्याकडे. गरोदर बायांची नोंद, बाळांची वजनं, तापाच्या गोळ्या, सगळं तिच्या पिशवीत. आधी हे सगळं पायी चालायचं. दोन वर्षांपूर्वी तिनं बॅटरीवर चालणारी गाडी घेतली. हळू चालणारी, जिला आरटीओचा नंबर लागत नाही की लायसन लागत नाही, तसली. शिमग्याच्या आठवड्यात मोखाड्याकडच्या एका दवाखान्याबाहेरून ती गाडी गेली. आणि आज, वैशाखाच्या उन्हात, मीटिंगसाठी जव्हारला आलेली जयश्री चैतन्यच्या जुन्या गाड्यांच्या दुकानासमोरून जात असताना तीच निळी गाडी तिच्याकडे बघत उभी. हँडलला पाटी: विकणे आहे.

"माझीच हाय. चढावर ढकलताना सीटच्या मागं जिथं हात लावायची ना, तिथला रंग उडालाय. तेवढाच उडालाय."

"पोलिसांत गेलीस?"

"गेली. फौजदार साहेब चांगलं बोलले. पण बोलले, चैतन्यशेठकडे कागद हाय, तुझ्याकडं काय? गुरुवारी दुपारी नाशिकचं गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार. तोवर पुरावा आण."

आज मंगळवार होता. मी कागद पुढं ओढला. "बिल असेल ना?"

तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून जपून एक घडी काढली आणि उलगडून माझ्यापुढं ठेवली. कागद आरपार काळा होता. अक्षर म्हणून एक दिसत नव्हतं.

"हे काय?"

"बिल," ती म्हणाली. "चुलीवर टांगलेलं. आमच्यात सगळं तिथंच ठेवतात. नागलीचं बी, काकडीचं बी. धुरानं कीड लागत नाय, पावसाळ्यात दमट होत नाय."

दुकानातल्या मशीनमधून निघणारं बिल ऊब लागली की काळं पडतं, हे तिला कोण सांगणार? नाचणीचं बी जिथं वर्ष काढतं तिथं बिलानं आठवडाही काढला नसेल. ज्या दुकानातून गाडी घेतली ते दुकान बंद. गाडीच्या पोटाखाली नंबराचा स्टिकर होता तो सूर्यमाळच्या दगडांनी कधीच खरवडून नेला.

मी चष्मा काढला. अर्ज मी कसाही वळवून लिहीन, पण काळ्या कागदाची प्रत जोडायची कशी?

२

अशा वेळी मी घरी जातो. आमच्या घरी विद्युल्लताबाई असतात. म्हणजे माझी बायको. तीस वर्षं तिनं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे, पण माणसाला उभं करून प्रश्न विचारायची सवय गेलेली नाही. त्याचा अनुभव मी रोज घेतो.

तिनं काळं बिल उजेडात धरून पाहिलं, परत दिलं आणि चपला घातल्या. "अहो, कागद गेला तर गेला. गाडी कुठं गेलीय? चला, बघून येऊ."

चैतन्य गोड बोलणारा माणूस. आम्हाला खुर्च्या दिल्या, बरोबर आलेल्या जयश्रीला पाणी दिलं.

"ताई, अशा निळ्या गाड्या तालुक्यात वीस असतील. आणि घाटात सगळेच ढकलतात. माझ्याकडं रीतसर पावती आहे." त्यानं फाईल उघडली. "शिमग्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी विकणारा स्वतः गाडी चालवत आला. इथं रस्त्यावर दोन फेऱ्या मारून दाखवल्या. मी तसंच लिहून घेतलंय. बघा, 'बॅटरीसह चालू स्थितीत'. खाली त्याची सही. सोबत आधारची झेरॉक्स."

जयश्री वाकली. तिनं झेरॉक्सवरचा फोटो पाहिला आणि कागद उचलून डोळ्यांजवळ धरला.

"कोण आहे?" मी विचारलं.

"फागू. माझा दीर." मग तिला जोर चढला. "मी बोलली होती! टँकरपाशी सगळ्या पाड्यासमोर बोलली होती, यानंच गाडी विकली म्हणून. त्या दिवशी हा कुठं होता, कोणाला ठाऊक नव्हतं. तवापासून घर सोडून जामसरला जाऊन राहिलाय. खरा असता तर गेला असता का?"

गाडी गेली तो दिवसही शिमग्यानंतरचा शुक्रवारच होता. सकाळी गाडी गेली, संध्याकाळी विकली. धागा असा सरळ बसला की मला बरंच वाटलं.

आमच्या बाईंचं मात्र आमच्याकडं लक्षच नव्हतं. त्यांनी गाडीची सीट उचलून बॅटरीचा खण उघडला होता. आतली बॅटरी नवीकोरी दिसत होती. त्यांनी चैतन्यला ती बाहेर काढायला लावली. खाली जाड पुठ्ठ्याची चौपदरी घडी घातलेली होती.

"हे कशाला?"

"खडखडू नये म्हणून, बाई."

बाईंनी पुठ्ठ्याखाली हात घातला, काही चाचपलं आणि झटकन बोट बाहेर काढलं. बोटाला बारीक रक्त आलं होतं. त्यांनी ते पदराला पुसलं आणि काही बोलल्या नाहीत. बाई गप्प बसल्या की मला काळजी वाटते.

तिथून फौजदारांकडं गेलो. त्यांनी पावती आधीच पाहिली होती. "जयश्रीताई, आता सोपं झालं," ते म्हणाले. "दिराविरुद्ध तक्रार दे. गाडी लगेच जप्त करतो. पुढं कोर्टातून तुझी तुला मिळेल. फागूला मात्र आत घालावं लागेल."

बाहेर येऊन जयश्री माझ्या टेबलासमोर बसली. "लिहा काका. फागूविरुद्ध लिहा. परवा कवडीच्या माळावर एका बाईला कळा लागल्या. मी चालत गेली, दोन तास. पोचली तवा बाळ झालेलं, नाळ कुडातल्या बांबूच्या कामटीनं कापलेली. वाचलं ते नशीब. माना गाडी पायजे."

मी पेन उघडलं. 'अर्जदार खाली सही करणार' इथवर लिहिलंही.

"शाई जपून वापरा," मागून बायको म्हणाली. "त्या पोराला कोणी काही विचारलंय का अजून?"

३

बुधवारी सकाळी आम्ही दोघं जामसरला गेलो. फागू विहिरीतला गाळ काढायच्या कामावर होता. पंचविशीचा, काटक, गुडघ्यापर्यंत चिखलात. भिवंडीला दोन वर्षं वेल्डिंग शिकून आलेला. आम्ही कोण, कशाला आलो ते सांगितल्यावर त्यानं हात धुतले आणि सावलीत येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"सही माझीच हाय," तो म्हणाला.

मी बायकोकडं पाहिलं. झालं की!

"पण त्या टायमाला कागद कोरा हता. गाडी गेली त्याच्या आठ दिवसांनी मी गेलतो जव्हारला. मोखाड्याला विचारलं, खोडाळ्याला विचारलं, मंग चैतन्यशेठकडं. बोललो, असली असली गाडी आली तर सांगा. तो बोलला, कार्डाची झेरॉक्स ठेव, इथं खाली सही कर, आली की फोन लावतो. मी केली."

"कोऱ्या कागदावर?" मी जवळजवळ ओरडलोच.

"टेबलावर बसलेला माणूस सही मागतो, आमी देतो," फागू म्हणाला. "तुमच्या टेबलावर पण देतात ना काका?"

माझ्या टेबलाच्या खणात त्या घडीला दोन अर्ज होते, ज्यांच्यावर आधी सह्या झाल्या होत्या आणि मजकूर मी सवडीनं लिहिणार होतो.

"गाडी कशी म्हणून सांगितलीस त्याला?" बाईंनी विचारलं.

"वैनीनं तक्रारीत लिहिलेलं तसंच. निळी, मागं औषधाच्या डब्याची लोखंडी घोडी, बॅटरीसकट गेली."

"घोडी कोणी बसवली?"

"मीच. डबा नाचू नये म्हणून. एक बोल्ट लांब पडला, टोक आत खणात निघालं. वैनी वरडली, बॅटरीला ओरखडा येतो बोलली. कापून देतो बोललो, ते राहूनच गेलं."

"त्या शुक्रवारी तू कुठं होतास?"

"मोहाची फुलं वेचाया. एकटाच." तो हसला, पण त्यात हसणं नव्हतं. "झाडं साक्ष देत असतील तर विचारा."

"गाडी शोधत फिरलास, मग वहिनीला का सांगितलं नाहीस?"

फागूनं विहिरीकडं पाहिलं. "सापडली असती तर सांगितलं असतं. नाय सापडली तर काय सांगू? तिनं टँकरपाशी बोलून टाकलं होतं."

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "गोष्ट चांगली रचलीय. कोरा कागद काय, झाडं काय."

"तुम्हाला खोटी वाटते?"

"चोर कधी म्हणतो का मी चोर?"

"सावही तेच म्हणतो, मी चोर नाही. अडचण तीच आहे." ती बोटांवर मोजू लागली. "सही खरी, कार्ड खरं, साक्षीदार नाही. त्याच्यावर विश्वास ठेवून भागणार नाही. काहीतरी दाखवता आलं पाहिजे. अहो, आपण घरी नको जायला. सूर्यमाळला जाऊ."

४

मोखाड्याहून खोडाळ्याला आणि तिथून पुढं जीपनं जाईपर्यंत दुपार झाली. उंचावर वारा होता, पण पाणी कुठं नव्हतं. पाड्याच्या तोंडाशी रिकामे हंडे रांगेत लावून ठेवले होते, टँकरच्या वाटेवर डोळे लावून. जयश्रीचं घर कुडाचं, सारवलेलं, नेटकं. नवरा वीटभट्टीवर गेलेला. आम्हाला बघून ती गडबडली. इतकी, की आम्हाला अंगणातच खाट टाकून बसवायला निघाली.

"ऊन आहे गं, आत बसू," म्हणत आमच्या बाई सरळ घरात शिरल्या.

आत भिंतीशी नागलीची कणगी होती. तिच्यावर गोधडी टाकलेली. वरच्या खुंटीला पिशव्या, एक आरसा आणि काळा चौकोनी डबा, वायर गुंडाळलेला. बाईंनी आपली पिशवी अडकवायला खुंटीकडं हात नेला आणि तो त्या डब्याला लागला. हात तिथंच थांबला.

"जयश्री, हा गाडीचा चार्जर ना?"

"हां बाई. तो घरीच राहिलेला."

"गाडी जाऊन दोन महिने झाले. मग हा गरम कसा?"

जयश्रीनं माझ्याकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, मग कणगीकडं. तेवढं बघणं पुरेसं होतं. बाईंनी गोधडी बाजूला केली. नागलीत अर्धी बुडवलेली, फडक्यात बांधलेली एक बॅटरी होती.

गाडी हिनंच विकली आणि आळ दिरावर घातला? क्षणभर मला तसंच वाटलं, आणि मी ते बोललोही असतो. पण जयश्री खालीच बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली.

"सांग," बाई म्हणाल्या. आवाज शाळेतला नव्हता.

"इथं लाईट कधी येते कधी जाते. म्हणून दवाखान्यात गेली की बॅटरी काढून आत न्यायची. रविना सिस्टर त्यांच्या खोलीत चार्जिंगला लावून द्यायच्या. तिथं पाटी हाय, खाजगी गाडी चार्ज करायची नाय. पण सिस्टर बोलायच्या, तू काय पिकनिकला फिरतेस का? त्या दिवशी पण बॅटरी आतच होती. मीटिंग झाली, मी बॅटरी आणि चार्जर घेऊन बाहेर आली तर गाडी नाय."

"आणि तक्रारीत?"

"हवालदार बोलले, बॅटरीसह गेली का? मी हां बोलली. नाय बोलली असती तर विचारलं असतं, बॅटरी कुठं होती. सरकारी लाईट मी चोरली, त्यापायी सिस्टरची नोकरी गेली असती. मंग बॅटरी घरी आणून लपवली. कोणाला नाय दाखवली. फागूला पण नाय."

"लपवलीस, मग चार्ज कशाला करतेस?"

तिनं नाक पुसलं. "दुकानवाला बोललेला, महिन्याला एकदा चार्ज नाय केली तर मरते. गाडी मिळाली आणि ही मेलेली असली तर?"

चोवीस वर्षांत माझ्या टेबलासमोर पुष्कळ माणसं रडली. त्यातलं मला फारसं आठवत नाही. पण हरवलेल्या गाडीची बॅटरी दोन महिने नागलीत जिवंत ठेवणारी ही बाई मी विसरणार नाही.

बाईंनी बॅटरी फडक्यातून काढून उलटी केली. तळाला, कडेपासून मधोमध, बोटभर लांब खोल ओरखडा होता. त्यांनी कालचं कापलेलं बोट त्यावरून फिरवलं.

"जयश्री, उद्या ही घेऊन यावं लागेल. आणि सगळं खरं सांगावं लागेल. लाईटचंही."

"सिस्टरचं काय?"

"ते तिला विचार. तिच्या वतीनं तू ठरवू नकोस, मीही ठरवत नाही."

जयश्री फोन घेऊन रेंज शोधत टेकडावर गेली. खूप वेळानं खाली आली. काय उत्तर मिळालं ते तिच्या चेहऱ्यावरून मला ओळखता येईना.

५

गुरुवारी अकरा वाजता चैतन्यच्या दुकानात आम्ही सगळे जमलो. फौजदार, चैतन्य, जयश्री, मी आणि आमच्या बाई. फागूलाही बोलावलं होतं. तो दाराशी उभा होता, जयश्रीच्या नजरेला नजर न देता. जयश्रीच्या पायाशी एक गोणी होती.

"साहेब, मला चैतन्यरावांना दोन-तीन गोष्टी विचारायच्यात," बाई म्हणाल्या. "उत्तरं तेवढी लिहून घ्या."

फौजदार मान हलवून वही घेऊन बसले. त्यांना यात मजा वाटत असावी.

"फागूनं गाडी आणली ती चालवत आणली?"

"हो. सांगितलं ना."

"गाडीच्या स्वतःच्या बॅटरीवर? की दुसरी कुठली बसवलेली होती?"

"तिचीच, कंपनीची. जुनी होती पण चालत होती."

"मग आता नवी कशी?"

"एप्रिलमध्ये जुनी दमली. बदलली."

"जुनी कुठं आहे?"

"भंगारात दिली."

"म्हणजे त्या शुक्रवारपासून एप्रिलपर्यंत या गाडीची मूळ बॅटरी तुमच्या दुकानात होती. बरोबर?"

"बरोबर," चैतन्य म्हणाला. फौजदारांनी ते लिहून त्याची सही घेतली. लिहिलेलं वाचल्यावरच सही केली त्यानं. हुशार माणूस.

बाईंनी जयश्रीकडं पाहिलं. जयश्री उठली. तिनं गोणी सोडली आणि बॅटरी टेबलावर ठेवली. "साहेब, माझ्या गाडीची बॅटरी ही. चोरीला गेलीच नाय. मी तक्रारीत खोटं बोलली." मग दवाखान्याचं, चार्जिंगचं, पाटीचं सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. "रविना सिस्टर बोलल्या, माझं नाव घे. माणूस आत जातो त्यापेक्षा माझी चौकशी होऊ दे."

दाराशी फागूनं पहिल्यांदा मान वर केली. बॅटरी घरात होती हे तो तेव्हा प्रथमच ऐकत होता.

"कंपनीच्या अशा शेकडो बॅटऱ्या असतात," चैतन्य म्हणाला. आवाज अजून गोडच होता.

"असतात. पण दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की खूण दोघींवर राहते. सहावीत शिकवायचे मी हे." बाईंनी खणातली नवी बॅटरी आणि पुठ्ठा काढून टाकला. "साहेब, आत बोट घाला. जपून."

फौजदारांनी बोट घातलं. "बोल्टचं टोक आहे."

"डब्याची घोडी काढून टाकली, बाहेरून बोल्ट कापला, पण गंजलेलं टोक आत तसंच राहिलं. नवी बॅटरी त्याच्यावर अडत होती, म्हणून हा पुठ्ठा. आता हिचा तळ बघा."

त्यांनी बॅटरी उलटी करून ओरखडा दाखवला आणि मग ती हळूच खणात सरकवली. बोल्टचं टोक त्या ओरखड्याच्या तोंडाशी आलं, आत शिरलं आणि बॅटरी शेवटपर्यंत निघाली. खटका बसला. बाईंनी बटण दाबलं. गाडीचा दिवा लागला.

जयश्रीनं सीटवर हात ठेवला.

सगळ्यात आधी सावरला तो चैतन्य. "मग तर उलट झालं! बॅटरी घरात ठेवून यानं नुसती गाडी विकली मला. दीर-भावजयीचं संगनमत असेल, आपल्याला काय ठाऊक?"

"नुसती गाडी?" बाई म्हणाल्या. "मग मोखाड्याहून घाट चढून ती चालवत कशी आणली? बॅटरीशिवाय? आणि दोन फेऱ्या मारून दाखवल्या त्या कशावर?"

चैतन्यनं वहीकडं पाहिलं. खाली त्याचीच सही होती.

"ज्यानं ही गाडी उचलली त्याला पहिल्या मिनिटाला कळलं असणार की आत बॅटरी नाही," बाई पुढं म्हणाल्या. "चोरीच्या वेळी तिच्यात बॅटरी होती असं तिघांनाच वाटत होतं. तक्रार लिहिणारे हवालदार, ती तक्रार ऐकलेला फागू आणि फागूनं ज्याला येऊन सांगितलं ते तुम्ही. 'बॅटरीसह' ही चूक आहे, चैतन्यराव. ती जयश्रीच्या तक्रारीतून फागूच्या तोंडी आली आणि फागूच्या तोंडून तुमच्या पावतीत. तुमच्याकडं गाडी होती, समोर होती. पण पावती तुम्ही गाडी बघून लिहिली नाहीत. फागूनं सही करून ठेवलेल्या कोऱ्या कागदावर त्याचंच बोलणं उतरवलंत. फागू चोर असता तर 'बॅटरीसकट गेली' असं दुकानोदुकानी सांगत फिरला असता का?"

चैतन्य खुर्चीत बसला. त्यानं पाणी मागितलं आणि मग एक नाव सांगितलं. रूपेश, टेम्पोवाला. बॅटरी नाही म्हणून हलकी, नंबर नाही म्हणून बिनघोर, अशी ती गाडी रूपेशनं दवाखान्याबाहेरून उचलून टेम्पोत घातली होती. चैतन्यला आधी घ्यायची नव्हती म्हणे, कागद नव्हता म्हणून. आठ दिवसांनी फागू आला आणि कागदाची सोय झाली.

६

गाडी लगेच हातात मिळाली नाही. फौजदारांचा पंचनामा, मग कोर्टाचा हुकूम, यात तीन आठवडे गेले. त्यासाठीचे चार अर्ज मी लिहिले. रविना सिस्टरना 'कारणे दाखवा' अशी नोटीस आली. तिचं उत्तरही मीच लिहिलं, आणि इतकं मन लावून मी बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नव्हतं. माझ्या खणातले सह्या केलेले दोन कोरे कागद मी मालकांना बोलावून परत दिले. त्यांना वाटलं, अर्ज नामंजूर झाला.

गाडी सुटली त्या दिवशी जयश्री आणि फागू दोघंही आले होते. बरोबर नव्हे, वेगवेगळे. कोर्टाला फागूची जबानी हवी होती म्हणून तो आला होता. काम झाल्यावर जयश्री माझ्या टेबलाशी आली.

"काका, आणखी एक लिहा. फागूनं गाडी चोरली नाय, मी खोटा आळ घेतला. खाली मी सही करते. पाड्यावर वाचून दाखवीन."

आमच्या बाई डबा घेऊन आल्या होत्या, त्याही थांबल्या. असल्या अर्जाला नमुना नसतो, तो कोणाला उद्देशून लिहायचा तेही ठरलेलं नसतं. तरी मी कागद घेतला.

"कागद नको," मागून फागू म्हणाला. "मी लई कागद बघितला. तोंडानं बोललीस ना वैनी, तोंडानंच परत बोल."

जयश्री उभी राहिली. कचेरीसमोर पंचवीस-तीस माणसं होती, ती बघत होती. "फागू, तू चोर नायस. मी चुकली," ती म्हणाली. "उद्या टँकरपाशी सगळी येतील. तिथं बोलन. पण आधी तुला बोलायचं होतं."

फागूनं मान हलवली. मला राहवेना. मीही उठलो. "फागू, माझंही ऐकून घे. जामसरला तू खरं सांगितलंस आणि मला तू चोरच वाटला होतास."

तो माझ्याकडं बघून हसला. या वेळी खरंच हसला. "काका, तुमचं काय एवढं. तुमी तर माना वळखत पण नव्हता."

ते जयश्रीनं ऐकलं. तिचा चेहरा पडला.

"मी तर वळखत होती," ती म्हणाली.

तिच्या हातातली औषधांची पिशवी फागूनं घेतली, आपल्या खांद्याला अडकवली आणि गाडीवर मागं जाऊन बसला.